बेपत्ता हवाईसैनिकाचे अवशेष : शोध, ओळख आणि घरी आणणं, सातारा-सांगलीच्या घरांसाठी

गेल्या पावसाळ्यात माण तालुक्यातून एक आजी आणि त्यांचा नातू माझ्याकडे आले. नातवाच्या हातात लखोटा होता आणि त्यात पैसे भरून करून घेतलेला डीएनए चाचणीचा अहवाल. आजींचा थोरला भाऊ हवाई दलात होता, विमान गेलं ते परत आलंच नाही. सेवा क्रमांक माहीत आहे का? नाही. विमान कोणतं? नाही. तारीख? "सुगीचे दिवस होते." अहवाल नातवाच्या रक्ताचा होता, आणि आजींच्या मुलाचा मुलगा या कामी जवळजवळ निरुपयोगी. ज्यांचं रक्त खरोखर उपयोगाचं, त्या आजी समोर बसल्या होत्या, आणि त्यांचा नमुना घ्यावा असं कोणालाच सुचलं नव्हतं.

मी हवाई दलात रेकॉर्डच्या टेबलावर नोकरी केली आणि आता साताऱ्यात लोकांचे अर्ज लिहून देतो. चूक प्रत्येक वेळी तीच असते : लोक शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. आधी डीएनए, मग परदेशी कार्यालयाला पत्र, मग कागद, आणि अगदी शेवटी घरातली ट्रंक. हा क्रम उलटा करायचा आहे.

## टप्पा १ : कोणाच्या नोकरीत होता आणि कोणत्या साली गेला

हे ठरल्याशिवाय पुढे एक पाऊलही टाकू नका. वाटा तीन आहेत आणि त्यांचे नियम एकमेकांशी जुळत नाहीत.

१९४७ पूर्वी गेला असेल तर. तो इंडियन एअर फोर्समध्ये असेल (१९४५ पासून नावात 'रॉयल' आलं) किंवा ब्रिटिश हिंदी सैन्यात. दोन्हींतल्या, महायुद्धांत गेलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे, म्हणजे युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेकडे असते. कमिशनचा नियम पहिल्या महायुद्धापासून चालत आला आहे : मृतदेह मायदेशी नेत नाहीत, जिथे पडला त्याच्या जवळच्या युद्धस्मशानात ठेवतात. म्हणजे या वाटेवर 'घरी आणणं' याचा अर्थ बहुतेक वेळा ओळख, शिळेवर नाव आणि अंत्यविधीला हजर राहणं एवढाच होतो. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगा. दोन वर्षांनी कळलं की फार लागतं.

१९४७ नंतर गेला असेल तर. जबाबदारी आपल्या हवाई दलाची किंवा सैन्याची. अवशेष सापडले आणि ओळख पटली तर ते घरी येतात. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहकडे निघालेलं एएन-१२ विमान रोहतांगच्या बाजूला हिमनदीत गडप झालं. त्यात १०२ माणसं होती. पहिले अवशेष २००३ मध्ये सापडले, आणि २०२४ मध्येही चार मृतदेह बर्फातून काढून घरी पोचवले गेले. ते युद्ध नव्हतं, पण पद्धत हीच.

१९६५ किंवा १९७१ च्या युद्धात सरहद्दीपलीकडे बेपत्ता असेल तर संरक्षण मंत्रालयासोबत परराष्ट्र मंत्रालयही येतं. तिथे कुटुंबाच्या हातात पत्रव्यवहार चिकाटीने चालू ठेवण्यापलीकडे फारसं काही नसतं.

यूट्यूबवर लोक अमेरिकेचे व्हिडिओ बघतात : विमानतळावर झेंड्यात गुंडाळलेली पेटी, गुडघे टेकलेली मुलगी. तो अमेरिकेचा स्वतंत्र नियम आहे. त्यांची बेपत्ता सैनिक शोधणारी संस्था आसाम-अरुणाचलच्या डोंगरांतही आपली माणसं शोधते, गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाशी तिने २०२१ मध्ये करार केला आहे. पण ती फक्त अमेरिकन सैनिकांसाठी. तिला साताऱ्यातून अर्ज पाठवून उपयोग नाही. लोक पाठवतात, म्हणून लिहितोय.

> तपासा : एका ओळीत लिहून काढा, "अमुक साली, अमुक दलात, अमुक हुद्द्यावर असताना." तिन्ही जागा भरल्या तर पुढे चला. एक जरी रिकामी राहिली तर टप्पा २ वर जास्त वेळ द्या.

## टप्पा २ : ट्रंक

माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढा. देवघराच्या फडताळात, जुन्या पंचांगांच्या मध्ये आणि आजीच्या लुगड्यांखालीही बघा. कागद तिथेच असतात.

काय शोधायचं?

मेडल. दुसऱ्या महायुद्धाची हिंदी सैनिकांना मिळालेली मेडल बहुधा नाव कोरलेली असतात. तारेच्या आकाराचं असेल तर पाठीमागे, गोल असेल तर कडेवर बघा. क्रमांक, हुद्दा, नाव, दल असं बारीक अक्षरात असतं. इंग्रजांच्या स्वतःच्या सैनिकांच्या त्या काळच्या युद्धमेडलवर नाव नसायचं, त्यामुळे 'मेडलवर काही नसतं' असं इंटरनेटवर वाचून पुष्कळजण बघायचंच सोडून देतात. भिंगातून बघा. चिंच, पितांबरी, काहीही लावून घासू नका. दसऱ्याला घासून घासून क्रमांक पुसलेली मेडल मी पाहिली आहेत.

पेन्शनचं पुस्तक आणि पेन्शन पेमेंट ऑर्डर. विधवेला पेन्शन मिळाली असेल तर सेवा क्रमांक त्यावर असतोच. हा सगळ्यात भरवशाचा कागद.

तार. तारेतले शब्द जसेच्या तसे उतरवा. 'मिसिंग', 'मिसिंग बिलीव्ह्ड किल्ड' आणि 'मिसिंग प्रिझ्यूम्ड डेड' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात फक्त परत आला नाही एवढंच कळवलेलं असतं. दुसऱ्यात मेल्याची साक्ष किंवा चिन्ह मिळालेलं असतं. तिसऱ्यात काही न मिळता काळ गेल्यामुळे कागदावर मृत धरलेलं असतं. दुसरा शब्द असेल तर कोणीतरी काहीतरी पाहिलं होतं, आणि त्या साक्षीचा कागद कुठेतरी आहे.

पत्रं आणि मनिऑर्डरच्या पावत्या. शिक्क्यातला फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक वाचा. त्यावरून त्या महिन्यात तुकडी कुठे होती ते लागतं.

फोटो. छातीवर पूर्ण पंख असतील तर वैमानिक. एकच अर्धा पंख आणि शेजारी गोलात अक्षर असेल तर विमानातला दुसरा कोणी, आणि ते अक्षर त्याचं काम सांगतं. पंख अजिबात नसेल तर तो जमिनीवरचा तंत्रज्ञ असू शकतो, आणि विमानात प्रवासी म्हणून गेला असेल. घरात 'पायलट होते' असं सांगत आलेले निम्मे तरी पायलट नसतात. त्यात कमीपणा काही नाही, पण चुकीच्या यादीत शोधत बसाल.

> सावध : अस्सल कागद कोणालाही देऊ नका. ना वार्ताहराला, ना संशोधकाला, ना मला. फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. लॅमिनेशन तर मुळीच करू नका.

## टप्पा ३ : नाव, गाव, जिल्हा

सगळ्यात जास्त शोध इथे फसतात.

आजचा सांगली जिल्हा त्या काळी नव्हताच. तासगाव, वाळवा, शिराळा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून इस्लामपूरकडच्या माणसाची १९४४ सालची नोंद 'सातारा' म्हणूनच असणार. मिरज, सांगली, जत, फलटण ही संस्थानं होती, तेव्हा तिथे जिल्ह्याच्या जागी संस्थानाचं नाव येऊ शकतं. आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात होते, त्यामुळे आटपाडीचा माणूस 'औंध'खालीही सापडतो.

नावाचं तर विचारूच नका. भरतीच्या कारकुनाने जे ऐकलं ते लिहिलं. 'जाधव'च्या शेवटी इंग्रजीत व्ही, डब्ल्यू किंवा ओ, काहीही असू शकतं. आडनाव अजिबात नसून नुसतं स्वतःचं नाव आणि 'गणूचा मुलगा' एवढंच असू शकतं. कित्येक घरांनी मधल्या काळात आडनाव बदललं, गावावरून 'कर' लावून घेतलं. तेव्हा शोधताना हा क्रम ठेवा :

१. सेवा क्रमांक. मिळाला तर बाकी सगळं विसरा.
२. वडिलांचं नाव आणि गाव.
३. स्वतःचं नाव, किमान चार स्पेलिंगांनी.
४. आडनाव सगळ्यात शेवटी.

गावाचं नावही तपासून घ्या. एकाच नावाची दोन-तीन गावं आपल्याकडे शेजारच्या तालुक्यांत सहज असतात, आणि वाडी त्या वेळी मूळ गावात मोडत असेल तर नोंद मूळ गावाची असते.

## टप्पा ४ : नाव कुठे कोरलं आहे, त्याचा अर्थ काय

१९४७ पूर्वीच्या माणसांसाठी कमिशनचा नावांचा शोध इंटरनेटवर फुकट आहे. नाव मिळालं की लोक आनंदाने स्क्रीनशॉट पाठवतात आणि पुढची ओळ वाचत नाहीत. पुढची ओळच महत्त्वाची. स्थळ तीन प्रकारचं असतं.

*कबर* : म्हणजे देह सापडला, पुरला, जागा ठाऊक आहे. तुमचा माणूस बेपत्ता नाही.

*क्रिमेशन मेमोरियल* : हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन झालं, त्यांची नावं अशा स्मारकावर आहेत. इंफाळ, कोहिमा, इटलीतलं फोर्ली, एरिट्रियातलं केरेन, सगळीकडे अशी स्मारकं आहेत. इथे नाव असेल तर बहुधा अग्नी मिळालेला आहे आणि शोधायला अवशेष उरलेले नाहीत. तीन पिढ्या 'काही कळलंच नाही' म्हणत बसलेल्या घराला हे कळणं किती मोठं असतं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कोरेगावकडच्या एका पुतण्याने तिथल्या तिथे चप्पल काढली आणि मोबाईलला नमस्कार केला.

*मेमोरियलवरचं नाव* : म्हणजे ज्ञात कबर नाही. खरे बेपत्ता हे. ब्रह्मदेशातल्या लढाईतले पायदळाचे लोक रंगून मेमोरियलवर, तिथे सत्तावीस हजारांच्या आसपास नावं आहेत. दक्षिण आणि पूर्व आशियावर हरवलेले हवाईसैनिक सिंगापूर मेमोरियलवर. इंग्लंड आणि उत्तर-पश्चिम युरोपातून उडालेले लंडनजवळच्या रनीमीड मेमोरियलवर. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांचाही देह मिळाला नाही. त्यांचं नाव इटलीतल्या कॅसिनो मेमोरियलवर आहे.

> तपासा : मेमोरियल असेल तरच टप्पा ५ वर जा. कबर किंवा क्रिमेशन मेमोरियल असेल तर थेट टप्पा ९ वाचा.

## टप्पा ५ : माणूस नाही, विमान शोधा

पायदळाचा शिपाई एकटा हरवतो. हवाईसैनिक विमानासकट हरवतो, आणि विमानाचे कागद माणसाच्या कागदांपेक्षा नीट ठेवलेले असतात. तेव्हा माणसावरून विमानाकडे जा : तारीख, स्क्वाड्रन, विमानाचा सिरियल क्रमांक, त्या उड्डाणातली सगळी माणसं.

दुसऱ्या महायुद्धातल्या स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवह्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एआयआर २७ या मालिकेत आहेत. हिंदी स्क्वाड्रनच्याही. कोणतं विमान किती वाजता उडालं, कोण आत होतं, परत आलं का, हे तिथे असतं. ब्रिटिश हवाई दलाच्या अपघात आणि हानीच्या फायली एआयआर ८१ मध्ये, पण त्या टप्प्याटप्प्याने खुल्या होत आहेत, त्यामुळे तुमची तारीख आधी तपासा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरबसल्या शोधता येतं.

सोबतच्या माणसांची यादी कशाला? कारण त्यांच्यापैकी कोणाची कबर सापडली तर तुमच्या माणसाची जागा आपोआप आवळत येते. पाचांपैकी तिघे एका गावाजवळ पुरलेले आणि शेजारी 'एक अज्ञात हवाईसैनिक' अशी शिळा असेल तर तुमच्या हातात खरा धागा आहे.

अशा अज्ञात शिळेवर नाव लावण्यासाठी कमिशनकडे पुराव्यासह प्रकरण सादर करता येतं. पुरावा खात्रीचा आणि पटण्याजोगा लागतो. 'तोच असावा' चालत नाही, त्या जागी दुसरा कोणी असूच शकत नाही हे कागदांवरून दाखवावं लागतं. आणि हे नीट ऐका : डीएनएसाठी कबर उकरत नाहीत. कितीही विनंती केली तरी नाही. डीएनए फक्त नव्याने सापडलेल्या अवशेषांसाठी.

## टप्पा ६ : रक्ताची नाती कागदावर उतरवा

आता डीएनए. अजून चाचणी नाही, फक्त यादी. या यादीला उशीर केला की नुकसान भरून येत नाही, कारण माणसं जातात.

जुन्या हाडांतून बहुधा जो डीएनए मिळतो तो आईकडून मुलांकडे जाणारा. आई तो मुलगा-मुलगी दोघांनाही देते, पण पुढे फक्त मुलगी देते. म्हणून बेपत्ता माणसासाठी उपयोगाची माणसं ही :

– त्याचे सख्खे भाऊ-बहीण.
– सख्ख्या बहिणीची मुलं, म्हणजे त्याचे भाचे-भाच्या.
– भाचीची मुलं, आणि पुढे मुलीमुलींनी चालत आलेली रेषा.
– सख्खी मावशी आणि मावशीच्या मुलीकडची रेषा.

दुसरी रेषा बापाकडून मुलाकडे : त्याचा मुलगा, भाऊ, भावाचा मुलगा, भावाच्या मुलाचा मुलगा, चुलते, चुलतभाऊ. त्याची स्वतःची मुलं हयात असतील तर मुलगा-मुलगी दोघंही फार मोलाची.

आपल्या वंशावळीत गोम इथेच आहे. आपण लिहितो पुरुषांची. बहिणी लग्न होऊन गेल्या की कागदावरून गेल्या. 'एक बहीण किकलीला दिली होती' यापुढे कोणाला काही सांगता येत नाही. सांगली भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखणारे लोक, येतात त्यांच्या वहीत बघा, मुलींची नोंद केली आहे का ते मुद्दाम विचारा. नाशिक-त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या उपाध्यांच्या बह्यांत यात्रेला आलेल्या बायकांची नावं कधीकधी निघतात. आणि सगळ्यात सोपं म्हणजे गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी तासभर बोला. पुरुषांना बांध आठवतात, बायकांना माहेर आठवतं.

चार गोष्टी लपवू नका, लाज वाटली तरी :

दत्तक. घर चालवायला मुलगा दत्तक घेतला असेल तर बापाकडची रेषा तिथे तुटते. भाऊबंदातून घेतला असेल तर जुळूही शकते, म्हणून कुठून घेतला ते लिहा.

सावत्र. पणजोबांना दोन बायका होत्या का? कोणती मुलं कोणत्या आईची? सावत्र बहिणीची मुलं आईकडच्या रेषेत बसत नाहीत.

आते-मामे लग्न. दोन-तीन पिढ्या मामाच्या मुली केल्या असतील तर नातेवाईकांत अपेक्षेपेक्षा जास्त डीएनए सारखा निघतो आणि प्रयोगशाळेचं गणित चुकतं. आधी सांगितलं तर ते दुरुस्त करून घेतात.

मामा-भाची लग्न. सीमाभागातल्या काही घरांत होतं. तिथे एक उलटी गंमत आहे : एरवी पुरुषाच्या मुलांकडे त्याच्या आईची रेषा येत नाही, पण बायको सख्ख्या बहिणीची मुलगी असेल तर येते.

> सावध : बाजारातली चाचणी आणि घरी थुंकीची नळी यावर पैसे घालवू नका. ओळख पटवणारी यंत्रणा स्वतः घेतलेला, सीलबंद, सहीशिक्क्याचा नमुनाच धरते. 'अस्थी मिळवून देतो, आमची दिल्लीत ओळख आहे' असं सांगत पैसे घेणाऱ्याने आपल्याच एका तालुक्यात तीन घरं लुबाडली आहेत. सरकारी प्रक्रियेत कुटुंबाला नमुन्याचे पैसे द्यावे लागत नाहीत.

## टप्पा ७ : अर्ज, याच क्रमाने

पहिला अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, साताऱ्यात किंवा सांगलीत. त्यांच्याकडून पुढे जाणाऱ्या पत्राला रेकॉर्ड ऑफिसात उत्तर लवकर येतं.

दुसरा रेकॉर्ड ऑफिसला. हवाई दलाच्या एअरमनसाठी दिल्लीच्या सुब्रोतो पार्कातलं एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस. अधिकारी असेल तर हवाई दल मुख्यालय. सैन्यातला माणूस विमानात प्रवासी होता तर त्याच्या पलटणीचं रेकॉर्ड ऑफिस, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला.

अर्जात चार गोष्टी मागा : सेवा नोंदीचा उतारा, शारीरिक वर्णनाचा कागद (उंची, छाती, ओळखखुणा), दातांची आणि वैद्यकीय नोंद, आणि बेपत्ता झाल्यावर झालेल्या चौकशीचा अहवाल. लोक 'माहिती मिळावी' एवढंच लिहितात आणि उत्तर येतं 'माहिती उपलब्ध नाही'. कागदाचं नाव घेऊन मागितलं की शोधणाऱ्याला कपाट कळतं.

उत्तर नाहीच आलं तर माहिती अधिकार. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाकारलं तर तीस दिवसांत पहिलं अपील. नात्याचा पुरावा जोडा, नाहीतर 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती' म्हणून परत येतं.

आणि एक काम जे जवळजवळ कोणीच करत नाही : पत्ता कळवणं. विधवा वारली, पेन्शन थांबली, की त्या घराचा पत्ता रेकॉर्डमध्ये मेला. पन्नास वर्षांनी बर्फातून देह निघाला तर निरोप घेऊन पोलीस जातात जुन्या पत्त्यावर, जिथे आता दुसऱ्याचा गोठा असतो. साध्या कागदावर लिहा : मी अमुक सेवा क्रमांकाचा पुतण्या, माझा आजचा पत्ता आणि फोन हा, अवशेषांबाबत काही कळल्यास कळवावं, आमच्या घरात नमुना देण्यास ही ही माणसं तयार आहेत. स्पीड पोस्टाने पाठवा. पोचपावती जपा.

## टप्पा ८ : अवशेष सापडल्याची बातमी आली, किंवा तुम्हालाच काही दिसलं

ट्रेकिंगला जाणारी आपली पोरं हिमालयात, ईशान्येत जातात. धातूचे तुकडे दिसले तर फोटो काढा, शेजारी मोजपट्टी किंवा काठी ठेवून. मोबाईलवरून जागेचे अक्षांश-रेखांश घ्या. काहीही उचलू नका. युद्धातल्या विमानाजवळ न फुटलेला दारूगोळा असतो आणि तो ऐंशी वर्षांनीही फुटतो. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, मानवी अवशेष असतील तर पंचनामा त्यांनीच करायचा असतो.

इंजिनावरची पाटी, बंदुकीवरचा क्रमांक, शेपटीवरचा रंगवलेला सिरियल : विमान याच गोष्टींनी ओळखतात. आठवण म्हणून एक पाटी खिशात घालून आणली की कोणाच्या तरी घरचा पुरावा गेला.

हाडं दिसली तर? पाणी घालू नका, धुऊ नका, हळदकुंकू वाहू नका. भावना कळते, पण धुतलं की पुरावा जातो. आणि ओळख पटण्याआधी अग्नी देऊ नका. पुरत्या जळलेल्या अस्थींतून ओळख पटवण्याजोगा डीएनए सहसा मिळत नाही. चार जणांचे अवशेष एकत्र असताना कोणी घाईने एकत्र दहन केलं तर चारही घरं कायमची अंधारात राहतात.

ओळख कशाने पटते. एका गोष्टीने नाही. हाडांवरून वय आणि उंची (गळपट्टीचं हाड साधारण तिशीपर्यंत जुळत असतं, तरुण सैनिकाचं वय त्यावरून लागतं). दात. सोबतच्या वस्तू : बकल, खिशातलं पेबुक (पगाराची वही), बॅज. ब्रिटिश काळातल्या गळ्यातल्या ओळखबिल्ल्या दाबलेल्या फायबरच्या असायच्या, त्या कुजतात आणि जळतात, म्हणून बिल्ला नाही सापडला यात नवल नाही. मग डीएनए. आईकडची रेषा जुळली म्हणजे 'तोच' असं होत नाही, कारण ती रेषा हजारो माणसांत सारखी असू शकते. जुळली नाही तर मात्र 'तो नाही' हे बऱ्याच खात्रीने सांगता येतं. विमानात पाचच माणसं होती हे ठाऊक असेल तर मात्र त्याच जुळण्याला मोठं वजन येतं. टप्पा ५ कशाला केला ते इथे कळतं.

वेळ लागतो. इटलीत १९४४ मध्ये पडलेल्या हरियाणाच्या दोन जवानांची हाडं १९९६ मध्ये सापडली, आणि घरी निरोप पोचून श्रद्धांजली होईपर्यंत २०१९ साल उजाडलं. काही वेळा नाव कधीच लागत नाही. फ्रान्समध्ये सापडलेले गढवाल रायफल्सचे दोन जवान खांद्यावरच्या '३९' या पितळी आकड्यावरून पलटणीपर्यंत ओळखले गेले, त्यापुढे नाही. २०१७ मध्ये त्यांना तिथेच सन्मानाने पुरलं.

## टप्पा ९ : घरी आणणं

१९४७ नंतरचा माणूस. दल अवशेष विमानाने आणतं, पुढे गावापर्यंत गाडी आणि मानवंदना. कुटुंबाने आधीच तीन गोष्टी ठरवाव्यात. पेटी कोण घेणार, हे भाऊबंदांत लेखी ठरवा, दारात भांडण नको. पेटीत काय आहे हे अधिकाऱ्याला आधी विचारा. कधी पूर्ण देह असतो, कधी मूठभर हाडं, आणि 'आमचा माणूस एवढासाच?' हा प्रश्न पेटी उघडल्यावर पडू नये. तिसरं : पुढे आणखी अवशेष सापडले तर परत कळवावं की नाही, हे ठरवून लेखी द्या. दर पाच वर्षांनी नवा अंत्यविधी सगळ्यांनाच पेलत नाही.

विधीचं म्हणाल तर बहुतेक घरांत पूर्वीच दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिमा करून अग्नी दिलेला असतो. मग आता काय? उपाध्याला आधी विचारा, पेटी आल्यावर नाही. मी पाहिलेल्या घरांनी पुन्हा दहन करून संगम माहुलीला, कराडला प्रीतिसंगमावर किंवा हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर अस्थी सोडल्या. मुसलमान आणि ख्रिस्ती घरांत दफनाची जागा आधी नक्की करा.

१९४७ पूर्वीचा माणूस. अवशेष तिथेच राहतात. कुटुंबाला अंत्यविधीला जाता येतं, शिळेच्या मजकुराबद्दल सांगता येतं. बरेचजण तिथली माती आणू म्हणतात. परदेशातून माती आणायला कृषी खात्याच्या क्वारंटाइनचा परवाना लागतो, बिनपरवाना आणली तर विमानतळावर काढून घेतात. एका घराची अशी पुडी गेली तेव्हा म्हातारा ढसाढसा रडला. त्याऐवजी उलटं करा : घरच्या विहिरीचं पाणी बाटलीत नेऊन तिथे वाहा. बाटली हातातल्या पिशवीत नको, चेक-इन सामानात घाला. इंफाळ-कोहिमाला जाणार असाल तर मातीची अडचण नाही, पण देखभाल करणाऱ्याला विचारूनच, आणि वाफ्यातली नाही, कडेची चिमूटभर.

परदेशातून अस्थिकलश येणारच असेल तर मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, भारतीय वकिलातीचं ना-हरकत पत्र आणि सीलबंद कलश, हे चारही तिकिटाआधी हातात हवेत.

## टप्पा १० : सातबारा आणि फाईल

ओळख पटल्याचं पत्र आलं की त्याच्या दहा साक्षांकित प्रती काढा. कित्येक गावांत सातबाऱ्यावर अजून त्या बेपत्ता माणसाचं नाव आहे, कारण मृत्यूचा दाखला कोणी देईना. वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे या पत्रासह करा. गावच्या स्मारकावर नाव चुकीचं कोरलं असेल तर ग्रामपंचायतीला तेच पत्र द्या आणि दुरुस्ती होताना स्वतः उभे राहा, पाथरवट पुन्हा चुकवतो.

काहीच हाती लागलं नसेल तरी फाईल बंद करून ट्रंकेत टाकू नका. दोन प्रती करा. एक तुमच्याकडे. दुसरी त्या घरी द्या जिथे आईकडची रेषा अजून चालू आहे, म्हणजे किकलीला दिलेल्या त्या बहिणीच्या नातीकडे, आणि तिचा फोन नंबर रेकॉर्ड ऑफिसच्या पत्रात घाला.